दडवलेले शस्त्र, उघडी विषमता

कपड्याआड किंवा पिशवीत सहज मावणाऱ्या पिस्तुलांची तुलना करताना वजन, बोर, नळीची लांबी आणि पल्ला यांचीच चर्चा होते. हे शस्त्र कोणाच्या ऐपतीचे आहे, आणि ज्याला खरी भीती आहे तोच ते विकत घेऊ शकतो काय, हा मूलभूत प्रश्न त्या चर्चेत कधीच येत नाही.

दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या अमानुष घटनेनंतर, जानेवारी २०१४ मध्ये, कानपूरच्या सरकारी निर्माणीने स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. बोर ०.३२, वजन सुमारे ५०० ग्रॅम, किंमत सुमारे सव्वा लाख रुपये. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये ‘प्रबळ’ आले. वजन ६७५ ग्रॅम, नळी ७६ मिलिमीटर, आणि पल्ला ५० मीटर असल्याचा उत्पादकांचा दावा. ९ मिलिमीटरचे पिस्तूल सामान्य नागरिकास निषिद्ध असल्यामुळे निवड बहुधा ०.३२ आणि ०.२२ या बोरांतच करावी लागते. हलके शस्त्र बाळगायला सोपे, तर जड शस्त्राचा धक्का हाताला कमी बसतो. तांत्रिक तुलनेचे सार एवढेच.

आता हीच तुलना अर्जुनी मोरगाव तालुक्यात नेऊन पाहावी. २०१३-१४ च्या हंगामात साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलला १३१० रुपये होती. म्हणजे एका ‘निर्भीक’साठी नव्वद क्विंटलांहून अधिक धान विकावा लागला असता. पोटापुरता धान घरात ठेवून दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्याला एवढा धान विकायला कित्येक हंगाम लागतील. भूमिहीन मजुराचा तर हिशोबच नको. पहाटे मोहफुले वेचायला नवेगावच्या जंगलात शिरणाऱ्या बाईला वाघाची भीती आहे. पण तिचे दोन्ही हात टोपलीत गुंतलेले असतात, आणि वाघ मागून येतो. रात्रीच्या गाडीने अर्जुनी स्थानकावर उतरून अंधारातून गावाकडे पायी निघालेल्या मजूर स्त्रीला हवा आहे रस्त्यावरचा दिवा आणि वेळेवर येणारी एस.टी. या भीतींवर कोणत्याही बोरचे उत्तर नाही.

कायद्याची रचनाही विचार करण्याजोगी आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे तेरावे कलम पीकरक्षणासाठी भरमार बंदुकीचा, आणि संरक्षणासाठी किमान वीस इंच नळीच्या साध्या बंदुकीचा परवाना सर्वसाधारणपणे दिलाच पाहिजे, असे सांगते. आखूड नळीचे पिस्तूल या सवलतीत बसत नाही. त्यासाठी ‘रास्त कारण’ आहे अशी अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. ठेकेदाराचे, सराफाचे, राजकीय पुढाऱ्याचे कारण लवकर पटते. शेतमजुराचे कारण कागदावरच येत नाही. शिवाय २०१६ च्या नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी पिस्तूल पूर्ण झाकूनच न्यावे लागते. शस्त्र दिसत नाही. ते कोणाच्या कमरेला आहे हे मात्र साऱ्या गावाला ठाऊक असते. दहशतीला तेवढे पुरते.

समाजवादी चळवळीने या प्रश्नावर एकच सूर लावला, असेही नाही. १८७८ चा शस्त्र कायदा हे गुलामीचे चिन्ह होते. म्हणूनच १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य झाला. १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी, जे पुढे प्रजा समाजवादी पक्षात होते, त्याच हक्काची मागणी केली. डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. हा हक्क सरसकट दिला तर गुन्हेगारही तो मागतील, हा त्यांचा आक्षेप होता. परकी सत्तेविरुद्धचा हक्क आणि विषम समाजात शेजाऱ्यावर रोखलेले शस्त्र, यांतील फरक त्यांनी नेमका ओळखला होता.

तरीही एक प्रश्न टाळता येत नाही. शेजारच्या भंडारा जिल्ह्यात खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी एका दलित कुटुंबातील चौघांची जमावाने हत्या केली. अशा कुटुंबाने निःशस्त्रच राहावे काय? १९९५ च्या अत्याचार प्रतिबंधक नियमांनी याचे उत्तर क्रमाने दिले आहे. अत्याचारप्रवण भागात आवश्यक वाटल्यास आधी इतरांचे शस्त्रपरवाने रद्द करावेत, बेकायदा शस्त्रे जप्त करावीत, आणि मग गरज भासल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना परवाने द्यावेत. हा क्रमच महत्त्वाचा आहे. जमावापुढे सहा काडतुसे किती पुरणार? बलवानाला निःशस्त्र करणे हेच दुर्बलाचे पहिले संरक्षण होय.

म्हणून अनुसूचित जातींसाठी राखीव असलेल्या या मतदारसंघात कार्यकर्त्यांनी माहिती अधिकाराखाली जिल्हाधिकाऱ्यांना दोन प्रश्न विचारावेत. तालुक्यात पिस्तुलांचे परवाने किती व कोणत्या कारणांनी दिले गेले? आणि १९९५ च्या नियमांचा वापर एकदा तरी झाला काय? जीविताचे रक्षण ही राज्यसंस्थेची जबाबदारी आहे. ती सव्वा लाखाच्या वस्तूत रूपांतरित करून विकली जात असेल, तर ज्याच्याकडे सव्वा लाख नाहीत त्याच्या जिवाची किंमत काय, हे सरकारला जाहीरपणे सांगावे लागेल.