गळका पाइप आणि वेगळा कप



पावसाळा जवळ आला की आपण कौले चाळतो, लाकूडफाटा पडवीत घेतो, मुलांच्या छत्र्या दुरुस्त करून आणतो. परंतु घराच्या मागच्या अंगाला असलेल्या संडासाच्या पाइपकडे कोणी फिरकून पाहत नाही. महाड-पोलादपूर भागात आपली बरीच घरे जुनी आहेत. संडास मागाहून, मुंबईच्या चाकरमान्याने पाठवलेल्या पैशांतून जोडलेला. त्याचा पाइप कुठे बिडाचा, कुठे सिमेंटचा, कुठे चिनी मातीचा. बीड गंजते, सिमेंटला चीर जाते, सांधे सुटतात. जुलै २०२१ च्या महापुरात महाड शहर पाण्याखाली गेले, तेव्हा पाइपखालची माती धुऊन गेलेली कितीतरी घरे आम्ही पाहिली.

चार थेंब गळले तर काय बिघडते, असे पुष्कळांना वाटते. पोलादपूरकडच्या वाड्या डोंगरउतारावर आहेत. वरच्या घराची घाण जमिनीत मुरली की पावसाबरोबर ती खालच्या विहिरीत उतरते. मग कावीळ, विषमज्वर आणि जुलाब वाडीत शिरतात. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात कॉलऱ्याने थोड्याच दिवसांत पाचशेहून अधिक माणसे दगावली. डॉ. जॉन स्नो यांनी रोगाचे मूळ तिथल्या सार्वजनिक पंपाच्या पाण्यात असल्याचे दाखवले. पुढे खणून पाहिले, तेव्हा लगतच्या घराच्या संडासाच्या गटाराच्या विटा ढिल्या झालेल्या निघाल्या. पंपाच्या विहिरीपासून ते गटार तीन फुटांहूनही जवळ होते. एका घराची गळती साऱ्या वस्तीला भोवली.

आपला पाइप गळतो की नाही हे ओळखणे अवघड नाही. भिंतीला ओल, माश्यांचा घोंगाट, भर उन्हाळ्यात पाइपखाली उगवलेले हिरवेगार गवत, या त्याच्या खुणा. शंका आली तर संडासाच्या भांड्यात बादलीभर निळीचे पाणी ओता. निळा रंग जिथे फुटेल तिथे गळती. नुसता सांधा सुटला असेल तर तो नव्याने भरता येतो. पाइपलाच लांब चीर गेली असेल तर वरून सिमेंट थापण्यात पैसे घालवू नका, तो पाइपच बदला.

गेल्या मे महिन्यात आम्ही आमच्या घरचा पाइप बदलून घेतला. त्यावरून चार गोष्टी सांगतो. पाइप चार इंची पीव्हीसीचा, आयएसआय छापाचा घ्यावा. उतार चाळीसास एक ठेवावा, म्हणजे दहा फुटांना तीन इंच. त्याहून कमी पडला तर मैला अडतो. वळणावर काटकोनी बेंडऐवजी ४५ अंशांचे दोन बेंड घालावेत आणि साफ करायला झाकण उघडता येईल अशी एक जागा ठेवावी. हवेची नळी छपराच्या वर न्यावी व तिच्या तोंडाला जाळी बांधावी. चर बुजवण्याआधी पाइपात पाणी भरून सांधे तपासावेत. पाइपखाली दगड न राहू देता वाळू किंवा बारीक माती पसरावी. जुना सिमेंटचा पाइप कोरडा कापू नये. त्यात बहुधा ॲस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुप्फुसांचे कायमचे नुकसान करते. तो ओला करून, न फोडता, सांध्यापाशी सोडवावा. शेवटी जागा ब्लीचिंग पावडरने धुवावी. मात्र तिच्यात ॲसिड कधीही मिसळू नये, विषारी वायू निघतो.

त्या दिवशी आमच्या घरी आणखी एक गोष्ट घडली. चहाच्या वेळी, पाहुण्या म्हणून आलेल्या आमच्या आत्याने पाइप काढणाऱ्या तरुणासाठी दांडी तुटलेला कप वेगळा काढला. "घाणीतला हात हाय त्याचा," ती म्हणाली. आई म्हणाली, "हात साबणानं धुतलाय त्यानं. आपल्या बापजाद्यांच्या ओंजळीत वरनं पाणी ओतायचे, ते इसरलीस काय गं?" तिने फळीवरचा चांगला कप घेतला आणि त्याला आपल्या हाताने चहा दिला.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी याच महाडात चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर कर्मठांनी शेण, गोमूत्र, दूध, दही तळ्यात ओतून ते 'शुद्ध' करून घेतले. माणसाच्या स्पर्शाने पाणी विटाळते आणि शेणाने शुद्ध होते, असे त्यांचे शास्त्र! प्रकरण कोर्टात गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आपला हक्क मान्य केला. त्या महाडातल्या बौद्ध घरात वेगळा कप निघावा, हे आपल्याला शोभत नाही. घाण मैल्यात असते, तो काढणारा माणूस तुमच्या-आमच्यासारखाच.

म्हणूनच पाइप बदलताना मैल्याची टाकी भरलेली दिसली, तर पैसे वाचवण्यासाठी कोणालाही आत उतरवू नका. टाकीतला वायू क्षणात माणसाला बेशुद्ध करतो आणि त्याला वाचवायला उतरलेला दुसराही जातो. हाताने मैला उपसण्याच्या प्रथेवर बंदी घालणारा २०१३ चा कायदा त्याच वर्षी ६ डिसेंबरपासून लागू झाला आहे. गटारात मृत्यू पावलेल्यांच्या वारसांना दहा लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले. २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. पण रकमेने घरातला बाप परत येत नाही. टाकी उपसायला यंत्राची गाडीच मागवावी; नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत तशी मागणी लेखी द्यावी.

येत्या पौर्णिमेला विहारात वंदना झाली की तरुणांनी वाडीतल्या घरोघरचे पाइप पाहून यावे. एखाद्या एकट्या म्हातारीला खर्च झेपत नसेल, तर जयंतीच्या वर्गणीतली शिल्लक तिथे लावावी. पाण्याचा हक्क बाबासाहेबांनी मिळवून दिला. ते पाणी राखणे आता आपल्या हातात आहे.

जयभीम!