सहावे बोट, सापाचे पाय आणि एक छोटी परिषद

बाळाच्या हाताला सहावे बोट दिसले की कोणी ते भाग्याचे लक्षण मानतो, तर कोणी गर्भारपणातल्या ग्रहणाचा हवाला देऊन आईलाच बोल लावतो. काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या दिसणाऱ्या जादा बोटामागचे खरे कारण मात्र आता माहीत आहे. ‘सॉनिक हेजहॉग’ नावाचे एक जनुक गर्भाच्या हातापायांची घडण आणि बोटांची संख्या ठरवण्यात मोठा वाटा उचलते. ते चालू करणारी डीएनएची कळ त्याच्या शेजारी नाही, सुमारे दहा लाख अक्षरे दूर आहे. या कळीतले एखादे अक्षर बदलले तरी जादा बोट फुटू शकते.

ही कळ माशांपासून माणसापर्यंत टिकून आहे. सापांमध्ये मात्र ती मोडकळीला आलेली आहे. २०१६मध्ये शास्त्रज्ञांनी उंदरांमधली ही कळ काढून तिथे इतर प्राण्यांची बसवली. माणसाची बसवली तेव्हा पाय नीट झाले, सीलाकँथ या प्राचीन वंशाच्या माशाची बसवली तरीही नीट झाले. सापाची बसवली तेव्हा पायांच्या जागी नुसते खुंट आले.

सापाचे पाय का गेले आणि मुलाला सहावे बोट का आले, हे दोन प्रश्न एकाच टेबलावर ठेवणाऱ्या शास्त्राला उत्क्रांतीय विकासजीवशास्त्र म्हणतात. अभ्यासक त्याला सुटसुटीतपणे ‘इव्हो-डेव्हो’ म्हणतात. गर्भाची घडण बदलत बदलत प्राण्यांचे नवे आकार कसे निर्माण झाले, हा त्याचा विषय.

या मंडळींची एक अडचण आहे. फळमाशी आणि उंदीर यांच्यावर जगभर हजारो प्रयोगशाळा काम करतात. त्यांच्यासाठी लागणारे सारे काही विकत मिळते. कोळी, गोगलगाय किंवा अँफिऑक्सस या माशासारख्या छोट्या सागरी जिवावर काम करणारे मोजकेच असतात, आणि त्यांची निम्मी विद्या कागदावर नसते. अँफिऑक्सस वर्षातून ठरावीक दिवसांतच, रात्री अंडी घालतो. हंगामात पाण्याचे तापमान काही अंशांनी वाढवले, तर युरोपातली जात हव्या त्या रात्री अंडी देते, हे कळायला २००४ उजाडावे लागले. नेमके किती, किती वेळ, पाणी कोणते, हे ज्याने केले आहे त्यालाच विचारावे लागते.

म्हणूनच युरोपातल्या या अभ्यासकांनी २००६मध्ये प्राग येथे आपली पहिली परिषद भरवली आणि पुढे दर दोन वर्षांनी भरवायची प्रथा पाडली. २०२०ची परिषद करोनामुळे लांबली, ती २०२२मध्ये इटलीतल्या नेपल्सला झाली. नेपल्सची निवड मला फार समर्पक वाटते. १८७२मध्ये आंटोन डोर्न यांनी तिथे समुद्राकाठी प्राणिशास्त्राचे केंद्र स्थापन केले आणि निरनिराळ्या देशांना तिथली ‘टेबले’ भाड्याने दिली. टेबल घेतले की जागा, उपकरणे आणि रोज समुद्रातून आणलेले ताजे जीव मिळत. शेजारच्या टेबलावर बसलेला परदेशी संशोधक मिळे, तो वेगळाच.

आपल्याकडे परिषद म्हटली की हारतुरे, दीपप्रज्वलन आणि लांबलेले स्वागतपर भाषण डोळ्यांसमोर येते. त्यामुळे अशा मेळाव्यांना पैसे कशाला, हा प्रश्न रास्तच वाटतो. हेच पैसे कर्करोगावर खर्च करा, असेही म्हटले जाते. त्यांना हेजहॉगचीच गोष्ट सांगावी. हे जनुक प्रथम सापडले फळमाशीत. ते बिघडले की अळी काटेरी दिसते, म्हणून हेजहॉग या काटेरी प्राण्याचे नाव. त्याच जनुकाची साखळी रोखणारे औषध २०१२पासून अमेरिकेत त्वचेच्या एका कर्करोगावर वापरात आहे. माशीच्या अळीचा अभ्यास करताना हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

आपल्या हाताशी काय आहे, तेही पाहू. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत हायड्रावर दीर्घकाळ काम झाले. पुण्याच्या नावाने ओळखला जाणारा हायड्राचा एक वाण संशोधनात वापरला जातो. सह्याद्रीतल्या झुडपी बेडकांची तर शाळेतल्या पुस्तकाशी फारकतच आहे. त्यांच्या अंड्यातून बेडूकमासा बाहेर पडतच नाही. सगळी वाढ अंड्यातच होऊन इवलासा बेडूक बाहेर येतो. बेडूकमाशाची अवस्था गाळायला जनुकांच्या कोणत्या कळा बदलाव्या लागल्या, हा प्रश्न विचारायला सह्याद्रीहून चांगली जागा थोडीच असेल.

विकासजीवशास्त्राची अखिल भारतीय संघटना आहे, तिच्या परिषदाही होतात. पण रेल्वेने एका रात्रीत गाठता येईल अशी, पश्चिम भारतापुरती छोटी बैठक हवी. तिथे पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी फसलेला प्रयोग मांडेल, आणि बेडकांच्या मागे रानोमाळ फिरणारा निसर्गअभ्यासक तिला अंडी कुठल्या पानाखाली शोधायची ते सांगेल. ऑनलाइन बैठकीत भाषण ऐकता येते, सूक्ष्मदर्शकाखालचे भ्रूण मात्र दुसऱ्याच्या हाती देता येत नाही.

खर्च म्हणाल तर विद्यापीठाचे एक सभागृह, वसतिगृहातल्या सुटीत रिकाम्या असलेल्या खोल्या, चार सूक्ष्मदर्शक. वनखात्याची परवानगी आधी काढावी लागेल आणि तारीख जूनच्या मध्यावर धरावी लागेल, कारण पहिला पाऊस पडल्यावरच झुडपी बेडूक बोलू लागतात.