ओढ चार चाकांची, भरवसा बेताचा

फोर-व्हील जीप शेतकऱ्याच्या दारी आली, याचे आम्हांला कौतुकच आहे. पण 'चारही चाकं ओढतात, मग भ्यायचं कशाला?' ही भाषा आम्हांला पटत नाही. ही सोय ओढण्यासाठी आहे, थांबण्यासाठी नव्हे. निसरड्यावर ब्रेक मारला की हीही घसरतेच. काळ्या रानात टायरच्या खाचा चिखलाने भरल्या की चारही चाकं जागेवर फिरतात आणि गाडी आणखीच रुतते. तेव्हा रान वाफशावर येऊ द्यावे. कोरड्या डांबरीवर लागताच पुढच्या चाकांची जोडणी काढावी. नाहीतर वळणावर गिअरवर ताण येतो, टायर झिजतात. आणि फरशीवरून पाणी वाहत असेल तर थांबावेच. पाण्याने गाडी उचलली की ओढ कसली अन् काय! खेप उद्या होईल. गेलेला माणूस परत येत नाही.