उंबरठ्याचे गणित

१७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या सात महिन्यांत मुंबईत दर आठवड्याला प्लेगने किती माणसे दगावली, याची एक यादी उपलब्ध आहे. सुरुवातीच्या आठवड्यांतले आकडे किरकोळ आहेत. मग ते झपाट्याने वाढतात, एप्रिलच्या अखेरीस आठवड्याला नऊशेच्या घरात जातात आणि पावसाळा लागेपर्यंत पुन्हा खाली येतात. एकूण मृत्यू सुमारे नऊ हजार. शहराची लोकसंख्या तेव्हा दहा लाखांच्या आसपास होती. एका शहराच्या दप्तरातली ही नोंद आज जगभरातील साथरोगतज्ज्ञांना ठाऊक आहे, कारण साथीच्या गणिताचा पाया ज्या शोधनिबंधाने घातला, त्यात पडताळणीसाठी वापरलेले आकडे हेच होते.

प्लेग मुंबईला तेव्हा नवा नव्हता. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी त्याचे पहिले निदान केले. पुढच्या काही महिन्यांत वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी मार्चमध्ये पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेगने गाठले. त्यानंतर दरवर्षी हिवाळा सरता सरता रोग उसळायचा आणि पावसाळ्याच्या तोंडावर ओसरायचा. मृत्यूंची आठवडी नोंद मात्र ठेवली जात होती.

ही नोंद १९२७ मध्ये एडिंबरातील दोन संशोधकांनी वापरली. त्यांपैकी अँडरसन मॅकेंड्रिक हे डॉक्टर. त्यांनी इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये वर्षानुवर्षे नोकरी केली आणि कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचे संचालकपद सांभाळले. दुसरे विल्यम केरमॅक हे रसायनशास्त्रज्ञ. १९२४ मध्ये प्रयोगशाळेतील अपघातात दाहक अल्कली डोळ्यांत जाऊन वयाच्या २६ व्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. त्यानंतरची गणिते ते मनातल्या मनात मांडत आणि सहकाऱ्यांकडून लिहवून घेत.

दोघांपुढचा प्रश्न साधा वाटणारा होता: साथ थांबते का? त्या काळी दोन उत्तरे प्रचलित होती. एक, ज्यांना रोग होऊ शकतो अशी माणसेच उरत नाहीत. दोन, जंतूचा जोर हळूहळू कमी होतो. मुंबईच्या यादीकडे नुसते पाहिले तरी पहिले उत्तर डळमळीत वाटते. दहा लाखांतले नऊ हजार गेले, म्हणजे शंभरात एकही पुरता नाही. बाकीचे शहर जागेवरच होते.

केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांनी लोकसंख्येचे तीन गट पाडले: ज्यांना लागण होऊ शकते ते, सध्या आजारी असलेले, आणि बरे होऊन किंवा मरण पावून या साखळीतून बाहेर पडलेले. माणसे एका गटातून दुसऱ्या गटात कोणत्या वेगाने जातात, एवढेच त्यांनी समीकरणांत मांडले. त्यातून जे निघाले ते समजायला समीकरण लागत नाही. समजा, एका रुग्णापासून सरासरी तिघांना रोग लागतो. एकाचे तीन, तिनाचे नऊ, नवाचे सत्तावीस होतात. पण काही काळाने रुग्ण ज्या तिघांना गाठतो, त्यांतले दोघे आधीच रोगातून उठलेले असतात. मग एकाचा एकच होतो आणि साथ वाढायची थांबते. ज्यांना लागण होऊ शकते त्यांचे प्रमाण आणखी खाली गेले, की एकाचा एकही होत नाही आणि साथ विझते. तोपर्यंत पुष्कळ लोक लागणीशिवाय राहिलेले असतात. जंतू पहिल्याइतकाच जहाल असतो. फक्त त्याला पुढची माणसे पुरेशी सापडत नाहीत. या सीमेला या दोघांनी उंबरठा म्हटले.

या विचाराचे मूळ आधीच भारतात रुजले होते. रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी पाहिला. पुढे ते डास कमी करण्याच्या मोहिमांचा आग्रह धरू लागले, तेव्हा सगळे डास मारणे अशक्य असल्याने खटाटोप व्यर्थ आहे, असे टीकाकार म्हणू लागले. रॉस यांनी १९११ च्या सुमारास गणिताने दाखवले की सगळे डास मारण्याची गरज नाही. त्यांची संख्या एका मर्यादेखाली गेली की मलेरिया टिकूच शकत नाही. १९०१ मध्ये रॉस यांच्याबरोबर सिएरा लिओनच्या मोहिमेवर गेलेला तरुण डॉक्टर म्हणजे हेच मॅकेंड्रिक.

विज्ञान माणसाला काय देते, असे विचारले की औषधे, यंत्रे, शस्त्रक्रिया यांची नावे पुढे येतात. या गणिताने दिलेली गोष्ट हातात धरता येत नाही, पण तिचे मोल कमी नाही. रोग हटवायला प्रत्येक माणसापर्यंत पोहोचावेच लागते असे नाही, पुरेशा माणसांपर्यंत पोहोचले तरी चालते, हा भरवसा तिने दिला. देवी आणि पोलिओ यांच्या विरोधातील मोहिमा याच भरवशावर उभ्या राहिल्या. देवीचा जगातून नायनाट झाल्याचे १९८० मध्ये जाहीर झाले. भारतातील पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला. दोन्ही वेळा लस न मिळालेली माणसे उरली होतीच, पण रोगाला पुढे सरकायला वाट उरली नव्हती.

या भरवशाची दुसरी बाजू जबाबदारीची आहे. लस टोचून घेणारा स्वतःपुरता सुरक्षित होतो आणि त्याच वेळी कुणाच्या तरी दाराशी रोग अडवतो. नऊ महिन्यांखालचे बाळ, कर्करोगाची औषधे घेणारे मूल, प्रतिकारशक्ती खालावलेला रुग्ण यांना गोवराची लस सहसा देता येत नाही. त्यांचे संरक्षण भोवतालच्या माणसांच्या दंडावर टोचलेले असते. ‘माझ्या मुलाला लस द्यायची की नाही, हा आमचा घरगुती प्रश्न आहे’ असे म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायला भावनिक आवाहनाची गरज नाही, हे साधे गणित पुरते.

मात्र गणिताचा आदर करायचा तर त्याच्या मर्यादाही ठाऊक हव्यात. मुंबईच्या आकड्यांशी केरमॅक-मॅकेंड्रिक यांची रेषा दिसायला छान जुळली. पण प्लेग मुळात उंदरांचा रोग. तो उंदरावरील पिसवेमार्फत माणसात येतो आणि पिसवांची पैदास हवेतील उष्णता व आर्द्रतेवर ठरते. दरवर्षी ठरावीक महिन्यांत रोग ओसरण्यामागे हवामानाचा हात मोठा होता. आपली मांडणी या बाबतीत ढोबळ आहे, हे त्या दोघांनी निबंधातच मान्य केले होते, आणि पुढच्या अभ्यासकांनी या उणिवेवर नेमके बोट ठेवले. रेषा जुळली म्हणून कारण सापडले असे होत नाही. २०२० मध्ये दूरचित्रवाणीच्या पडद्यावर रोज नवे आलेख नाचत होते, तेव्हा हा धडा बहुतेकांच्या विस्मरणात गेला होता.

दुसरी मर्यादा अधिक घातक आहे, कारण ती सरकारी अहवालात दिसत नाही. या साध्या गणितात असे धरलेले असते की शहरातला कुणीही कुणालाही सारखाच भेटतो. प्रत्यक्षात माणसे आपल्या चाळीत, वस्तीत, शाळेत, कारखान्यात वावरतात. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन प्रभागांत रक्ततपासणीचे सर्वेक्षण झाले. झोपडपट्टीतील सुमारे ५७ टक्के लोकांच्या रक्तात कोविडविरोधी प्रतिपिंडे आढळली, झोपडपट्टीबाहेर हे प्रमाण १६ टक्के होते. शहर एक, प्रभाग तेच, आणि साथी मात्र दोन. या दोन आकड्यांची सरासरी काढून ‘मुंबई आता उंबरठ्याच्या जवळ आहे’ असे म्हणणे कागदावर शक्य होते. पुढे विषाणूचे अधिक वेगाने पसरणारे रूप आले, तेव्हा उंबरठाच वर सरकला आणि दुसऱ्या लाटेने काय केले ते सर्वांनी पाहिले.

आज हे गणित सर्वाधिक लागू पडते ते गोवराला. कुणालाच प्रतिकारशक्ती नसलेल्या समाजात गोवराचा एक रुग्ण १२ ते १८ जणांना रोग देतो. इतका संसर्गजन्य रोग विरळाच. त्यामुळे त्याचा उंबरठाही फार उंच आहे. ९२ ते ९४ टक्के लोकांमध्ये प्रतिकारशक्ती असेल तरच तो पसरत नाही. लस घेतलेल्यांपैकी थोड्यांना तिचा गुण येत नाही, म्हणून दोन्ही मात्रांचे प्रमाण किमान ९५ टक्के असावे असे उद्दिष्ट ठेवले जाते. पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान. दुसरी मात्रा म्हणजे ‘घेतली तर बरी’ अशी गोष्ट नव्हे, तिच्याशिवाय ही बेरीज उंबरठ्यापर्यंत पोहोचत नाही.

आता एका शाळेची कल्पना करावी. दहा वर्ग, प्रत्येकी चाळीस मुले. नऊ वर्गांतील सर्वांचे लसीकरण पूर्ण आहे. दहाव्या वर्गातील वीस मुलांना लस मिळालेली नाही. शाळेचा आकडा ९५ टक्के येतो. मुख्याध्यापक समाधानी, तालुक्याचा अहवाल समाधानी. पण त्या दहाव्या वर्गात गोवराचे एक मूल येऊन बसले, तर त्या वीसांतले फारसे कुणी सुटणार नाही. साथ शाळेची सरासरी पाहून येत नाही, ती त्या वर्गात शिरते.

२०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी आणि आसपासच्या वस्त्यांत, तसेच भिवंडी आणि मालेगावात हेच घडले. कोविडच्या दोन वर्षांत नियमित लसीकरणाची घडी विस्कटली होती. राहिलेल्या मात्रांची बाकी दाटीवाटीच्या वस्त्यांत साचत गेली आणि गोवराने ती वसूल केली. मुले दगावली. ज्यांना एरवी नऊ महिन्यांपर्यंत थांबावे लागते, अशा बाळांनाही साथग्रस्त भागांत लवकर मात्रा देण्याचा निर्णय घ्यावा लागला. गोवर म्हणजे ‘अंगावर पुरळ येऊन आपोआप जाणारा आजार’ ही समजूत अजून घराघरांत आहे. कुपोषित मुलाला तो न्यूमोनिया, अतिसार किंवा मेंदूज्वराच्या वाटेने नेऊ शकतो. बरे झालेल्या मुलातही काही महिने इतर रोगांशी लढण्याची ताकद कमी राहते.

म्हणून आरोग्य खात्याने राज्याच्या आणि जिल्ह्याच्या टक्केवारीवर थांबू नये. प्रत्येक प्रभागाचा, प्रत्येक उपकेंद्राचा आकडा लोकांना दिसेल अशा जागी लावावा. किती मुलांना लस दिली यापेक्षा किती राहिली, आणि ती नेमकी कुठे राहतात, हा प्रश्न आधी विचारला जावा. ऊसतोडणीच्या हंगामात बीडसारख्या जिल्ह्यांतील कुटुंबे बिऱ्हाड पाठीवर घेऊन बाहेर पडतात. पहिली मात्रा गावी घेतलेल्या मुलाची दुसरी मात्रा कोणाच्या यादीत धरायची? गावच्या यादीत ते मूल ‘स्थलांतरित’ ठरते, कारखान्याच्या गावी त्याचे नावच नसते. वीटभट्ट्या आणि इमारतींची बांधकामे यांवरही तेच होते. जे मूल दोन्ही याद्यांतून निसटते, तेच उंबरठा खचवते.

याद्या खऱ्या असाव्यात, याला एक जुना संदर्भ आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये सरकारने घरझडत्या घेतल्या, रुग्णांना सक्तीने उचलून नेले. त्याचा परिणाम असा झाला, की लोक आजारी माणसांना माळ्यावर आणि कोठीत लपवू लागले, मृत्यू दडवू लागले. पुण्यात हा संताप कोणत्या थराला गेला, हे इतिहासात नोंदलेले आहे. ज्या सरकारची भीती वाटते त्याला लोक खरा आकडा सांगत नाहीत, आणि खोट्या आकड्यांवर कितीही बुद्धिमान माणसाने समीकरण मांडले तरी उत्तर खोटेच येते. आजही लस न दिलेल्या आईला चारचौघांत झापले, तर पुढच्या वेळी ती दार उघडत नाही. उद्दिष्ट भरले नाही म्हणून आशाताईला नोटीस दिली, तर पुढच्या महिन्यात कागदावर उद्दिष्ट भरलेले दिसते. दोन्ही ठिकाणी गोवराला कुणाची परवानगी लागत नाही.

शंभर वर्षांत संगणक आले, साथीची प्रतिरूपे लाखो माणसांच्या हालचाली धरून चालू लागली. तरीही त्या सर्वांचा कच्चा माल तोच आहे: कुणीतरी दारावर जाऊन विचारलेला प्रश्न, घरातून मिळालेले खरे उत्तर आणि वहीत प्रामाणिकपणे केलेली खूण. पालकांकडून लागते ते फार थोडे. घरातील मुलाचे लसीकरण कार्ड काढून दुसऱ्या गोवर-रुबेला मात्रेपुढे तारीख आहे का, एवढे आजच पाहावे. नसेल तर जवळच्या आरोग्य केंद्रात ती मात्रा मोफत मिळते, आणि वय थोडे उलटून गेले असले तरी देता येते. त्या एका तारखेने शेजारच्या घरातले नऊ महिन्यांखालचे बाळही सुरक्षित होते.