कर्जावर सही चालते, घरावर नाव नाही

फुलेवाडीतल्या त्या घराच्या भिंतींना मी स्वतः पाणी मारलेलं आहे. १९९१ सालची गोष्ट. आम्ही तेव्हा मंगळवार पेठेत भाड्याने राहत होतो. सकाळी मुलांचे डबे झाले की केएमटीने फुलेवाडीला जायचं, भिंती भिजवायच्या, गवंड्याला चहा द्यायचा आणि दुपारी परत येऊन मशीनवर बसायचं. ब्लाऊज शिवून जमवलेले पैसे, भिशीचा नंबर लागला तेव्हाचे पैसे, सगळं त्या घरात गेलं. स्लॅबला पैसे कमी पडले म्हणून माहेरच्या पाटल्या आणि साज गुजरीत नेऊन मोडला. पावती नवऱ्याच्या नावाने झाली, कारण सराफासमोर बोलणी त्यांनीच केली होती. पतसंस्थेच्या कर्जावर सहकर्जदार म्हणून मात्र माझी सही लागली. ती मी आनंदाने केली.

खरेदीपत्र फक्त त्यांच्या नावावर झालं. त्यात मला काही वावगं वाटलं नाही. नवऱ्याचं ते आपलंच, हे इतकं अंगात मुरलं होतं की विचारायचंही सुचलं नाही.

पुढे चार वर्षं कोर्टात हेलपाटे घालून २००३ साली आमचा घटस्फोट झाला. घराचा विषय निघाला तेव्हा न्यायाधीशांनी मला विचारलं, "बाई, कागदावर तुमचं नाव कुठे आहे?" त्यांनी ते रागाने नाही, अगदी शांतपणे विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला दरमहा थोडी पोटगी मिळाली आणि लग्नातल्या यादीप्रमाणे कपाट, पितळी भांडी आणि वडिलांनी दिलेलं शिलाई मशीन परत मिळालं. आमच्या मिळकतीची कोर्टाने केलेली वाटणी ती एवढीच.

आणि दोन वर्षांनी पतसंस्थेची नोटीस आली. हप्ते थकले होते आणि सहकर्जदार म्हणून माझं नाव होतं. ज्या घरात मला पाऊल टाकता येत नव्हतं, त्याचे काही हप्ते मी पोटगीच्या पैशांतून भरले.

मैत्रिणींनो, ही कहाणी माझ्या एकटीची असती तर इथे लिहिली नसती. आता शनिवारी सल्ला केंद्रात बसते तेव्हा समोरची बाई बहुधा हाच प्रश्न घेऊन येते: "ताई, घटस्फोट घेतला तर घराचा निम्मा हिस्सा मिळतो ना?" सिनेमात आणि मालिकांत तिने तसं पाहिलेलं असतं. तिला 'नाही' म्हणून सांगणं हे माझं सगळ्यात नावडतं काम आहे.

कायदा काय म्हणतो ते सरळ पाहू. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात मिळकतीबद्दल कलम २७ आहे. लग्नाच्या वेळी किंवा त्या सुमारास मिळालेल्या आणि दोघांच्या मालकीच्या असू शकणाऱ्या वस्तूंबद्दल कोर्ट हुकूम करू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली या कलमाचा अर्थ थोडा सैल केला. लग्नाच्या आधी किंवा नंतर दिलेली वस्तूही, तिचा लग्नाशी संबंध असेल तर, त्यात धरली. पण लग्नानंतर दहा-वीस वर्षांत दोघांनी मिळून उभं केलेलं घर, घेतलेला प्लॉट, विकत घेतलेलं शेत यांची निम्मी वाटणी करा, असं हे कलम म्हणत नाही. विशेष विवाह कायद्यात तर एवढंही नाही. मुस्लिम किंवा ख्रिश्चन बहिणीची स्थितीही या बाबतीत वेगळी नाही. लग्न झालं म्हणून नवऱ्याच्या मिळकतीत बायको भागीदार होत नाही, हा आपल्याकडचा नियम आहे.

नवरा-बायकोच्या मिळकतीचा दावा कौटुंबिक न्यायालयात चालू शकतो. १९८४ च्या कायद्याने तशी सोय केली आहे. अशा दाव्यांत बाईला कोर्ट फीही माफ आहे. महाराष्ट्र सरकारने १९९४ साली ही माफी दिली. पण दाव्यात सिद्ध काय करायचं? तर घर घेताना तुम्ही किती पैसे घातले ते. नवऱ्याकडे पगाराची स्लिप असते, पासबुक असतं, खरेदीखत असतं. बाईने पंधरा वर्षं किराणा भरला, मुलांची फी भरली, सासूचं दुखणंखुपणं काढलं आणि म्हणूनच नवऱ्याचा पगार हप्त्यांकडे वळू शकला, याची पावती कोण देतं? तिचा पैसा पिठात आणि दुधात गेला, त्याचा विटांत गेला. विटा मोजता येतात.

काही दारं किलकिली झाली आहेत, हे मान्य करायला हवं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार विरोधी कायद्याने राहत्या घरातून बाईला बाहेर काढता येत नाही. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी ते सामायिक घर ठरू शकतं. त्याच वर्षी दुसऱ्या एका निकालाने पोटगीच्या दाव्यात दोघांनीही आपल्या मिळकतीचं आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र देणं बंधनकारक केलं. त्यामुळे "माझ्याकडे काही नाही" म्हणणाऱ्या नवऱ्याची थोडी पंचाईत झाली. जून २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तर गृहिणीच्या कामाची किंमत धरली. नवरा परदेशातून पैसे पाठवत होता, बायको इथे घर आणि मुलं सांभाळत होती. त्या पैशांतून घेतलेल्या काही मिळकतींत तिचा निम्मा वाटा न्यायालयाने मानला. वाचून डोळ्यांत पाणी आलं. पण तो निकाल आपल्याकडच्या कोर्टांवर बंधनकारक नाही. आणि राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे, हे राहून पाहिलेल्या बाईला चांगलं कळतं.

आता घाट उतरून गोव्यात चला. कोल्हापूरहून सकाळी निघालो तर जेवायच्या वेळेपर्यंत पोहोचतो आपण. तिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेला नियम असा, की लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मिळकत दोघांची समाईक. दोघांचा निम्मा-निम्मा हिस्सा. बायकोच्या संमतीशिवाय नवऱ्याला घर विकता येत नाही. हा नियम हिंदू, ख्रिश्चन, मुस्लिम सगळ्यांना सारखा. तिथे सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. मिळकतीचा कारभार नवऱ्याकडे ठेवणारी कलमं त्या जुन्या कायद्यात होतीच. पण तिथल्या बाईला "तुमचं नाव कुठे आहे?" असं विचारलं जात नाही. ती लग्नाचा दाखला पुढे करते. एका घाटाच्या अंतरावर बाईच्या कष्टाची किंमत शून्यावरून निम्म्यावर जाते, हे आपण किती दिवस सहन करायचं?

देशभरासाठी एक प्रयत्न झाला होता. २०१० साली आलेल्या विवाह कायदा दुरुस्ती विधेयकात, संसार पुन्हा जुळण्यापलीकडे मोडला म्हणून घटस्फोट होत असेल तेव्हा नवऱ्याच्या स्थावर मिळकतीत बायकोला हिस्सा देण्याची तरतूद आणली गेली. राज्यसभेने ते २०१३ साली मंजूर केलं. लोकसभेत ते अडकलं आणि २०१४ साली लोकसभेची मुदत संपली तसं तेही संपलं. पुरुषांच्या संघटनांनी त्याला मोठा विरोध केला होता. "चार महिने नांदून अर्धं घर घेऊन जाईल", हे त्यांचं आवडतं वाक्य.

या आक्षेपाला उत्तर द्यायला हवं. लग्नाआधीचं किंवा वाडवडिलांकडून आलेलं कोणी मागत नाही. लग्न चालू असताना जे उभं राहिलं तेवढंच दोघांचं धरा. चार महिन्यांत जे उभं राहिलं असेल त्याचा निम्मा वाटा द्या, बहुधा तो कपाट-भांड्यांएवढाच भरेल. वीस वर्षांत उभं राहिलं असेल तर त्याचा निम्मा द्या. आणि हो, बायकोने कमावून घेतलेला फ्लॅटही दोघांचा धरावा लागेल, कर्जही दोघांचं धरावं लागेल. समान हक्क मागायचा तर ही तयारी आपणही ठेवली पाहिजे. माझ्या वाट्याला कर्ज आलंच होतं, फक्त घर आलं नव्हतं.

कायदा बदलेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं नाही. घर घेताना खरेदीखतावर आपलं नाव घालायला लावा. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर घराला दोघांचं नाव लावण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने २००३ साली घेतला. ते नाव जरूर लावा, पण ती कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पक्का पुरावा नव्हे, हे लक्षात ठेवा. मालकी नसेल तर सहकर्जदाराची सही करू नका. दागिना मोडला तर पावती स्वतःच्या नावाची घ्या, हप्त्याला पैसे द्याल ते बँकेतून द्या. पोटगी मागताना ती नवऱ्याच्या स्थावर मिळकतीवर बोजा म्हणून चढवावी, अशी मागणी वकिलांना करायला सांगा. कलम २५ मध्ये ती सोय आहे, मला ती कोणी सांगितली नव्हती. घरावर तुमचा हक्काचा दावा चालू असेल तर त्याची नोटीस निबंधकाकडे नोंदवा. महाराष्ट्रात तशी नोंद नसेल तर दावा चालू असताना घर विकत घेणाऱ्याला अडवणं अवघड जातं. आणि संमतीने घटस्फोट घेताना घर तुम्हाला द्यायचं ठरलं असेल, तर कागदाची नोंदणी होईपर्यंत शेवटचा जबाब देऊ नका.

कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच व्हावं म्हणून वकिलांनी आणि नागरिकांनी वर्षानुवर्षं आंदोलन केलं. ऑगस्ट २०२५ मध्ये ते सुरू झालं. आता अपिलासाठी मुंबईची रात्रीची गाडी पकडावी लागत नाही, ही बाईसाठी मोठीच सोय आहे. याच गावात शाहू महाराजांनी १९१९ साली बाईचा छळ करणाऱ्याला शिक्षा देणारा कायदा केला होता. देशाच्या कायद्याची वाट न पाहता केला होता. त्या गावातून लग्नातल्या मिळकतीच्या समान वाटणीची मागणी उठायला काय हरकत आहे? विवाहाचा विषय घटनेच्या समवर्ती सूचीत आहे, म्हणजे राज्यालाही त्यावर कायदा करता येतो. येत्या निवडणुकीत दारात मतं मागायला येणाऱ्याला पाणी द्या, आणि एवढं एक विचारा.

फुलेवाडीचं ते घर अजून उभं आहे. कधी केएमटीतून जाताना दिसतं. भिंतीला एकही तडा गेलेला नाही. पाणी नीट मारलं होतं मी.