योग्य उमेदवार मिळाला नाही!

दोस्तहो, हे वाक्य आपल्याला पाठ झालंय. राखीव जागेची जाहिरात निघते, आपली पोरं मुलाखतीला जातात आणि फायलीवर शेरा पडतो : 'नॉट फाउंड सूटेबल'. जागा रिकामी ठेवतील, पण आपल्याला देणार नाहीत. मी म्हणतो, हा शेरा इथलाच नाही. बोस्टनच्या खानदानी गोऱ्यांना तिथले लोकही 'ब्राह्मण'च म्हणत आलेत. जानवं नाही, एवढाच फरक!

१९४६ साली हेमन स्वेट नावाच्या काळ्या पोस्टमननं टेक्सास विद्यापीठाच्या लॉ स्कूलमध्ये अर्ज केला. त्याला आत घेण्यापेक्षा सरकारनं काळ्यांसाठी तळघरात वेगळं कॉलेज काढलं! १९५० मध्ये सुप्रीम कोर्टानं कान पिळले, तेव्हा दार उघडलं.

दार उघडलं म्हणजे घर आपलं झालं काय? डेरिक बेलला विचारा. काळ्यांच्या शाळाप्रवेशाचे शेकडो खटले लढवलेला हा वकील १९६९ साली हार्वर्ड लॉ स्कूलमध्ये शिकवायला आला. १९७१ मध्ये तिथला पहिला कायम काळा प्राध्यापक झाला. संविधानाचा कायदा शिकवायचा. बेलची स्वतःची पदवी पिट्सबर्गची. म्हणजे हार्वर्ड-येलची पदवी आणि सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्तींकडची उमेदवारी या त्यांच्या फूटपट्टीत तो स्वतःच बसत नव्हता. फूटपट्टी कुणी बनवली? ज्यांची उंची तेवढी होती त्यांनीच!

व्यवस्थेला असा एक माणूस हवाच असतो. शोकेसमध्ये ठेवायला. 'बघा, आम्ही कुठं भेदभाव करतो?' बेलनं शोकेसची काचच फोडली. ओरेगॉनच्या लॉ स्कूलमध्ये तो डीन होता. एका आशियाई-अमेरिकन बाईला नोकरी नाकारली म्हणून १९८५ मध्ये त्यानं डीनपद सोडलं. १९९० मध्ये हार्वर्डला सांगितलं : काळ्या स्त्रीला कायम प्राध्यापक करत नाही तोवर मी बिनपगारी रजेवर. वय साठीला आलेलं. १९९२ मध्ये हार्वर्डनं त्याची नोकरीच संपवली. १९९८ साली लानी गिनिअर तिथं कायम प्राध्यापक झाल्या. 'योग्य उमेदवार' आभाळातून पडला काय रे?

आणि प्रवेशाचं? २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं वंश पाहून प्रवेश द्यायला मनाई केली. हार्वर्ड लॉच्या पहिल्या वर्षात २०२३ साली ४३ काळी पोरं होती, २०२४ साली १९. एका वर्षात पोरांची अक्कल निम्म्यावर आली काय? अक्कल तीच होती. दार अरुंद केलं.

बाबासाहेब १९३५ मध्ये मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. १९५१ मध्ये हिंदू कोड बिल रखडवलं म्हणून त्यांनी मंत्रिपदावर लाथ मारली. बायकांच्या हक्कासाठी खुर्ची सोडणारा माणूस आपल्या घरातला आहे.

म्हणून माझा सवाल गोऱ्यांना नाही, सवर्णांनाही नाही. माझा सवाल आपल्याच साहेब-प्राध्यापकांना आहे. चौदा एप्रिलला भाषण ठोकता, निळा फेटा बांधून घेता. निवड समितीत तो शेरा पडतो, तेव्हा तुमची सही कुठं असते? विरोधाची एक ओळ तरी फायलीवर लिहिता काय? राजीनामा राहू द्या, निदान सही तरी नाकारा!

नाहीतर सर, शोकेसमधली बाहुली आणि तुमच्यात फरक काय?