शोकेसमधली बिअर

आमच्या पुतण्याच्या शोकेसमध्ये पिवळ्या बुचाची एक बाटली आहे. परवा पुण्याला त्याच्याकडे गेलो होतो, तेव्हा ती सहज हातात घेतली, तर "काका, सांभाळून!" असा काही ओरडला की मला वाटलं, गंगाजल आहे की काय! निघाली बिअर.

मंडळी, मी स्वतः घेत नाही. पण हा दारूबंदीवरचा लेख नव्हे. माझं भांडण पिण्याशी नाही, न पिण्याशी आहे.

तर ही बाटली बेल्जियममधल्या वेस्टव्लेटेरेन गावची. तिथे सेंट सिक्स्टस नावाचा ख्रिस्ती साधूंचा मठ आहे. पोटापुरती आणि दानधर्मापुरती बिअर बनवायची, बाकी वेळ प्रार्थना, असा त्यांचा शिरस्ता. २००५ साली 'रेटबीअर' या संकेतस्थळाने त्यांची बारा नंबरची बिअर जगात सर्वोत्तम ठरवली आणि मठाच्या फाटकाशी गाड्यांच्या रांगा लागल्या. दुसरा कोणी असता तर कारखाना दुप्पट केला असता. साधूंनी नाही केला. फोनवर नोंदणी करा, गाडीचा नंबर सांगा, ठरल्या वेळी या आणि मोजकी खोकी घेऊन जा. २०१९ मध्ये फोनच्या जागी संकेतस्थळावर नोंदणी आली, पण अट तीच... नेलेली बिअर पुन्हा विकायची नाही. २०१२ साली मठाच्या बांधकामाला पैसे हवे होते, तेव्हा ती परदेशी दुकानांतही विकली. गरज भागली, विक्री बंद!

या साधूंनी जगाला एकच शब्द सांगितला: पुरे. आमच्या शिकाऱ्यांना ऐकू आलं: आणखी!

पुतण्याने ही बाटली ब्रुसेल्सच्या एका दुकानातून कित्येक पट पैसे मोजून घेतली. आमच्या तरुणपणी सिनेमाची तिकिटं ब्लॅकने मिळत, तोच हा धंदा. फरक एवढाच की ती तिकिटं घेणारा निदान सिनेमा तरी बघायचा!

आता खरी गंमत ऐका. मठापासून जवळच वाटू नावाचं गाव आहे. तिथल्या सेंट बर्नार्डस या कारखान्यात १९४६ ते १९९२ मठाच्याच परवान्याने बिअर बनत होती. परवाना संपला, पण त्याच वळणाची बारा नंबरची बिअर ते आजही बनवतात आणि ती दुकानात सरळ मिळते. मी विचारलं, "मग ती का नाही आणलीस?" तर म्हणतो, "ती काय काका, कुणालाही मिळते!"

सापडला की नाही चोर? म्हणजे चवीचा प्रश्न नव्हताच. दुसऱ्याला मिळत नाही, हीच चव! पुस्तकांची कपाटं कुलपात ठेवून तपासणीच्या दिवशी मिरवणाऱ्या शाळा मी नोकरीत पाहिल्या आहेत. तोच रोग.

त्याचं एक म्हणणं मात्र खरं आहे. अशी कडक, काळसर बिअर ठेवली तर मुरते. कबूल. लोणचंही मुरतं. पण ते पानात वाढायचं म्हणून मुरवतात. तू कधी उघडणार, तारीख सांग. "चांगला प्रसंग आला की..." बरं, तो कोणता?

मी सांगतो. तुझे वडील, आमचे दादा, आता एक्क्याऐंशीचे आहेत. नोकरीत असताना दर शनिवारी एक बिअर घ्यायचे, तीसुद्धा वहिनी रागावतील म्हणून गच्चीवर. तुझ्या शोकेससमोर बसून रोज पेपर वाचतात. तू त्यांना एकदा तरी विचारलंस?

तू हे वाचतोस हे मला ठाऊक आहे, म्हणून इथेच लिहितो. येत्या शनिवारी मी येतोय. चकली मी आणतो, बूच तू काढ. दहा टक्क्यांच्या वरची आहे म्हणतोस, तेव्हा दादांना अर्धा ग्लास. तेवढा त्यांना पुरे.

असो.